लाल ठिपका

६ फेब्रुवारी, गुरुवार

ही डायरी टायरवाल्याने दिलेली. दरवर्षी देतो आणि दरवर्षी मी ती कोरीच्या कोरी कोणाच्या तरी गळ्यात मारते. यंदा लिहायला घेतली, कारण घरात माणूस आहे आणि बोलणं नाही. एकटी होते तेव्हा बरं होतं, रेडिओशी भांडून वेळ जायचा.

आज ठकीला मातीकामाच्या वर्गाला घेऊन गेले. ठकी म्हणजे माझी एकुलती एक लेक. आता चांगली संसाराची, नोकरीची बाई आहे, पण लहानपणी ठेवू तिथे बाहुलीसारखी बसून राहायची म्हणून ठकी म्हणायला लागलो ते कायमचं चिकटलं. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हातांना काहीतरी करायला द्या. मी म्हटलं, हातांना काम पाहिजे तर माझ्या घरात ढीगभर पडलंय. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

जे झालं ते एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. दिवस भरत आले असताना ठकीचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. झालं लिहून.

दवाखान्यात मी एकटीच खंबीर होते. ठकी आणि जावई आत, दोघं नुसते रडत होते. नर्स मला विचारायला बाहेर आली, तुम्हाला यायचंय का, बघायचंय का. मी म्हटलं, मला काय बघायचंय, तुम्ही आधी ते सगळं आवरा आणि माझ्या मुलीला झोपू द्या. तिथून थेट त्यांच्या घरी गेले, किल्ली माझ्याकडे असतेच. बाळाची खोली सजवून ठेवलेली होती. पाळणा, कपडे, खेळणी, सगळं गाडीत भरलं आणि ती घरी यायच्या आत देऊन टाकलं. भिंतीवर ठकीने स्वतः रंगवलेला भलामोठा हत्ती होता, त्यावर पेंटरकडून पांढरा हात मारून घेतला. पेंटर म्हणाला, दोन हात पुरतील. मी तीन मारायला लावले, कारण दुसऱ्या हातानंतरही कान डोकावत होता. आता ती खोली इतकी लख्ख आहे की कोणाला काही आठवायला नको. तरी ठकी तिथे राहीना, माझ्याकडे आली. अशा वेळी आईच लागते.

वर्ग जुन्या लाँड्रीच्या जागेत भरतो. भिंतीला अजून नळांची रांग आहे, खाली दगडी टाक्या, आणि कपडे वाळत घालायच्या तारांवर आता मातीने माखलेले एप्रन लटकतात. शिकवणारी बाई उंच, केस पोरासारखे कापलेले. मी तिला मनात मातीवाली म्हणते. तिचा पहिला नियम, इथे कोणी कोणाला का आलात असं विचारायचं नाही. मग ओळख कशी होणार, मी विचारलं. होईल, म्हणाली. मी दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिले. माझा धंदा गाडी शिकवण्याचा, सगळा जन्म शेजारच्या सीटवर गेला, पण तिथे माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतो. इथे नुसतंच बघत बसायचं म्हणजे शिक्षा आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मातीवालीकडे तबकडीचा जुना वजनकाटा आहे. आज ठकीने त्यावर माती तोलली. घाल, काढ, चिमूटभर पुन्हा घाल. सोनाराच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. काटा तिला हवा तिथे आला तेव्हा तिने पर्समधून लाल पेन काढलं आणि तबकडीच्या काचेवर एक ठिपका दिला. दुसऱ्याच्या वस्तूवर! मी उठणारच होते, पण मातीवालीने मला हातानेच खाली बसवलं.

मग बनवलं काय, तर काही नाही. दोन तास तो गोळा मांडीवर घेऊन बसली. मला घाम फुटला. बाकीचे लोक काय म्हणतील, पण कोणाचं लक्षच नव्हतं. दोघी बहिणी आहेत, त्या एकाच ताटलीवरून आपसात वाद घालत होत्या. आणि एक बंबवाले आहेत, आग विझवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते मुठीएवढी घरं करतात. प्रत्येक घराचं दार सताड उघडं. मी म्हटलं, चोर शिरतील हो. म्हणाले, शिरू देत, पण आतल्याला बाहेर पडता आलं पाहिजे. माणूस बरा वाटला मला.

निघताना ठकीने तो गोळा ओल्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि गाडीत मांडीवर घेऊन बसली. पट्टा लावताना पिशवी बाहेर राहील याची काळजी घेतली. मी म्हटलं, मागच्या सीटवर ठेव. नाही म्हणाली. आज दिवसभरात माझ्याशी बोललेला हा एक शब्द.

१६ फेब्रुवारी, रविवार

जावई आला. दर रविवारी बस बदलत येतो. माझा जावई असून त्याला गाडी येत नाही. मीच शिकवायला घेतलं होतं, पण दोन धड्यांतच आम्ही दोघांनी नातं टिकवायचं ठरवलं.

बसायला गेला तर खुर्चीवर ठकीची ती पिशवी. उचलली आणि उभाच राहिला. मी म्हटलं, ठेवा खाली, माती आहे, कपड्यांना लागेल. ठेवेना. दोन्ही हातांत घेऊन खिडकीकडे तोंड करून उभा. गणित शिकवणारी माणसं जरा विचित्रच असतात. मग ठकी आली, त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि दोघं आतल्या खोलीत गेले. मी भांडी घासायला घेतली, घासलेलीच होती तरी.

जाताना तो तिला म्हणाला, घरी चल. ती म्हणाली, तिथे आता काय आहे? तेच तर मी म्हणते. त्रास होईल असं तिथे मी काही ठेवलेलं नाही. हळूहळू तिला पटेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज सुरुवात झाली एकदाची. भरीव गोळा भट्टीत भाजता येत नाही, पोकळ करावा लागतो, असं मातीवालीने सांगितलं. वाळून, भाजून माती हलकी होते, हेही सांगितलं. ठकीने लगेच विचारलं, किती हलकी. साधारण चौथा हिस्सा उडून जातो. झालं, ठकी पुन्हा काट्याशी. लाल ठिपक्याच्या पुढे किती घातलं म्हणजे भाजून झाल्यावर बरोबर ठिपक्यावर येईल, याचा हिशेब दोघींनी कागदावर मांडला. या बाबतीत बापावर गेली आहे. ते पण पेट्रोल भरलं की मायलेज काढायचे, मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत.

मलाही एक लाडू दिला मातीचा. मी ताटली केली. बंबवाले म्हणाले, छान, टोपी आहे का?

मध्ये एका शिकाऊ मुलीचा फोन आला, गाडी चढावर बंद पडली म्हणून रडत होती. बाहेर जाऊन तिला हँडब्रेकपासून सगळं पुन्हा समजावलं. परत आले तेव्हा मातीवाली सगळ्यांना काहीतरी सांगून संपवत होती, आणि सगळे माना हलवत होते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ठकीचं काम पुरं झालं. लांबट, गोल, एका बाजूला जरा फुगीर, वर ना तोंड ना कान. भांडं म्हणावं तर उघडं नाही. काय आहे ते विचारायची सोय नाही. पण हात फार सुरेख फिरलाय. लहानपणी चित्रं काढायची तेव्हा जीभ बाहेर काढायची, आज तशीच निघाली होती. मला भरून आलं. डोळ्यांत माती गेली म्हणून सांगितलं.

ती हात धुवायला गेली तेव्हा मी ते जरा कलतं करून पाहिलं. खालच्या बाजूला सुईने भोसकल्यासारखं एक छिद्र राहिलं होतं. एवढं गुळगुळीत काम आणि त्याला हे भोक. तिच्या लक्षात आलं असतं तर हिरमुसली असती. पाण्यात बोट बुडवलं, चिमूटभर माती घेतली, बुजवून टाकलं. माझ्या अंगठ्यावर बॉनेटखाली सापडल्याची जुनी चीर आहे, तिची रेघ उठली, तीही पुसली. कोणाला कळणार नाही. वळून पाहते तर बंबवाले माझ्याकडेच बघत होते. मी हसले, तेही हसले.

घरी येताना ठकी आपणहून बोलली. म्हणाली, भट्टी लागायला दोन आठवडे आहेत, तोवर नीट वाळेल. म्हणाली, ते झालं की मी घरी जाईन बहुतेक. मी म्हटलं, घाई नाही. पण आतून मला बरं वाटलं. माती हे औषध निघालं म्हणायचं.

५ मार्च, बुधवार

आज सकाळी चौकात एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. अजून बरीच लांब होती. मी माझ्या बाजूचा ब्रेक असा दाबला की शिकाऊ मुलाचं कपाळ आपटता आपटता वाचलं. तो म्हणाला, मॅडम, सिग्नल आपला होता. मी त्यालाच झापलं. मग गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पाणी प्यायले. पाठ दुखते हल्ली, त्याने पाय वेडेवाकडे पडतात.

१३ मार्च, गुरुवार

फुटलं.

वर्गात शिरलो तर भट्टीचं दार उघडं आणि मातीवाली जमिनीवर बसलेली. म्हणाली, काल भट्टी तापत असताना आत धडाका झाला. ठकीचं जे होतं त्याच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. नुसत्या त्याच्याच नाही. त्या ठिकऱ्या शेजारच्या कप्प्यात उडाल्या, बंबवाल्यांच्या घरांची सगळी गल्ली गेली, बहिणींच्या ताटलीचे दोन तुकडे. माझी टोपी तेवढी शाबूत.

भट्टीत काही फुटलं तर कोणाचं, कोणामुळे, हे विचारायचं नाही, असा इथला रिवाज आहे. सगळ्यांनी खाली बसायचं आणि तुकडे वेचायचे. मग ते कुटून त्यांचा चुरा नव्या मातीत मिसळतात, त्याने पुढची माती भाजताना कमी तडकते. सगळे बसले. मातीवाली एकेक तुकडा बघत सहज म्हणाली, आत ओल राहिली की तिची वाफ होते, आणि वाफेला वाट नसली की असं होतं. म्हणून पोकळ वस्तूला छिद्र ठेवायचं.

माझ्या हातातला तुकडा हातातच राहिला.

तेवढ्यात ठकी म्हणाली, "छिद्र ठेवायला मी विसरले. माझ्यामुळे झालं." आणि बंबवाल्यांकडे पाहून, "काका, माफ करा." ते म्हणाले, मला राखेतून वेचायची सवय आहे, काही वाटून घेऊ नकोस.

मी तो तुकडा ढिगात टाकला आणि पुढचा उचलला. ठकीने एकदाच माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून वेचत राहिली. एक तुकडा तिने एप्रनच्या खिशात टाकलेला मी पाहिला.

घरी आल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जेवली नाही. घरी जायचं नावही काढलं नाही.

१५ मार्च, शनिवार

एवढं एवढंसं भोक. मला कोणी सांगितलं असतं तर. फोनच्या नादात मी बाहेर गेले नसते तर. आणि तिने ते खालच्या बाजूला कशाला ठेवायचं, दिसेल असं ठेवायचं. दिवसभर स्वतःशी अशी फौजदारी चालली आहे आणि दर वेळी मीच हरते.

सांगून टाकावं का? ती आता कुठे माझ्याशी दोन शब्द बोलायला लागली होती. उद्या म्हणाली, तुझं तोंड बघायचं नाही, तर मी काय करू? मला तिच्याशिवाय कोण आहे?

१६ मार्च, रविवार

जावई स्वयंपाकघरात आला. त्याला मी पाणी दिलं, त्याने ते ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "आई, त्या पेंटरने भिंतीला कुठला रंग मारला होता? पाण्यातला की तेलातला?"

मी म्हटलं, का, पोपडे आले का? तर म्हणाला, नाही, मी तो काढतोय. शाळेतून आलं की ओल्या फडक्याने थोडं थोडं घासतो, हत्ती तेलाच्या रंगातला आहे, तो टिकतो. आत्तापर्यंत हत्तीचा एक पाय निघालाय. त्याच्या नखांत पांढरं भरलेलं होतं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुम्हाला काही कळतं का, तिला पुन्हा ते सगळं दाखवणार आहात? मी जिवाचा आटापिटा करून झाकलं ते कशासाठी? आवाज चढला माझा. तो शांत उभा होता. शाळेत पोरं काहीही बोलतात, त्याला सवय असणार.

म्हणाला, "तुम्ही आमच्यासाठीच केलंत, मला माहीत आहे. पण आई, आमच्याकडे तिचं तेवढंच होतं."

ओट्यावरचं ते पाणी मीच पिऊन टाकलं. मग सांगितलं, पाण्यातला होता. कोमट पाणी घ्या, लवकर सुटेल.

२० मार्च, गुरुवार

आज सांगितलं. सगळ्यांसमोर, कारण नुकसान सगळ्यांचं झालं होतं. स्टुलावरून उठले आणि म्हटलं, ते छिद्र ठकीने ठेवलं होतं, मी बुजवलं, मला वाटलं चुकून राहिलंय. परीक्षा घेणाऱ्या साहेबांसमोर शिकाऊ उभे राहतात तशी उभी होते.

बंबवाले म्हणाले, मी पाहिलं होतं बोट फिरवताना, पण मला वाटलं लाड करताय. बहिणींपैकी धाकटी हसली. मोठीने तिला चिमटा काढला.

ठकीने एप्रनच्या खिशातून तो तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. बुजवलेल्या जागेचा होता. त्यावर पुसट, पण माझ्या अंगठ्याची चीर होती.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "का केलंस?"

"बरं दिसत नव्हतं गं."

"तुला सगळंच बरं दिसायला लागतं, आई." एवढंच म्हणाली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला ओरडणाऱ्यांशी निभावता येतं.

परत येताना तिने गाडीची किल्ली मागितली. दवाखान्यातून आल्यापासून तिने गाडीला हात लावला नव्हता. मी माझ्या नेहमीच्या जागी बसले. पहिल्याच वळणावर तिने फार लांबून वेग कमी केला, पुढच्याला फार जवळ गेली, मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. माझा पाय ब्रेकवर गेला आणि मी तो मागे घेतला. घरापर्यंत पाय सीटखाली दुमडून बसले. आयुष्यात इतकी दमले नाही कधी.

घरात येऊन तिने बॅग भरायला घेतली.

२२ मार्च, शनिवार

गेली. जावई आला होता न्यायला. दाराशी मी म्हटलं, काही लागलं तर कळव. ती बरं म्हणाली. मी तिच्या केसातला मातीचा कण काढायला हात पुढे केला आणि मग राहू दिला.

घर आता पुन्हा पूर्वीसारखं आहे. रेडिओ लावला. तो जे काही म्हणाला ते मी ऐकून घेतलं.

आज लिहून ठेवते. त्या दिवशी नर्सने विचारलं तेव्हा मला आत जायचं होतं. फार जायचं होतं. पाय उचलला नाही. मी घाबरले. खंबीर वगैरे काही नव्हते.

२७ मार्च, गुरुवार

वर्गाला एकटीच गेले. आता मला तिथे काय काम, पण गाडी तिकडेच वळली. मातीवालीने काही न विचारता माझ्यासमोर फुटक्या तुकड्यांची बादली आणि लोखंडी खलबत्ता ठेवला. कुटत बसले. बंबवाले शेजारी बसून चाळत होते. त्यांनी नव्या घरांना सुरुवात केली आहे. म्हणाले, जरा हलक्या हाताने, मॅडम, आपल्याला चुरा पाहिजे, पीठ नको. मग आपणच सांगितलं की शेवटच्या आगीत त्यांना एका घराचं दार उघडता आलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. मी कुटत राहिले. त्यांना तेच बरं वाटलं असावं.

थोड्या वेळाने ठकी आली, बसने. मला पाहून थबकली. मग आपल्या जागेवर गेली. आम्ही कुटलेला चुरा घातलेली माती तिने घेतली, काट्यावर ठेवली, ठिपक्याच्या पुढे, मागच्या वेळी काढलेल्या हिशेबापर्यंत. निघताना तिने माझ्या एप्रनची मागची गाठ सोडून दिली, कारण ती मला सुटत नव्हती.

३ एप्रिल, गुरुवार

आज ठकीने ते नवीन, लांबट, गोल, पुरं केलं. आधीच्यापेक्षा खडबडीत झालंय, चुऱ्यामुळे. जागोजागी जुन्या भाजक्या मातीचे तांबूस ठिपके दिसतात. सुईने छिद्र पाडलं. या वेळी मोठं पाडलं, आणि अगदी वर.

मग ते माझ्यासमोर ठेवून हात धुवायला गेली. मुद्दाम माझ्यासमोर. नळ किती वेळ चालू होता! मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. बंबवाल्यांनी विचारलं, थंडी वाजतेय का?

१३ एप्रिल, रविवार

ठकीकडे गेले. पर्समध्ये किल्ली होती, पण बेल वाजवली. जावयाने दार उघडलं.

त्या खोलीत आता चार पाय आहेत, पोट आहे, शेपटी आहे. डोक्याकडचा भाग अजून पांढरा. तीन हात मारायला लावले त्याची शिक्षा बिचारा जावई भोगतोय. पाय आखूड, पोट जमिनीला टेकायच्या बेतात, असला हत्ती जगात नसेल. त्या दिवशी मी तो धड पाहिलासुद्धा नव्हता. जावयाच्या हातातलं फडकं मी मागितलं नाही. त्यानेच दुसरं आणून दिलं. कानाच्या जागी घासायला सुरुवात केली.

ठकी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, कान जपून, तिथे रंग पातळ आहे. मी म्हटलं, तू सांग तसं करते.

१७ एप्रिल, गुरुवार

आज भट्टी उघडली. मातीवाली म्हणाली, अजून पुरती निवली नाही, पण हात लावता येईल. सगळे दाराशी गोळा झालो. पहिली बाहेर आली ती बंबवाल्यांची घरं, सगळी दारं उघडी, एकालाही तडा नाही. बहिणींच्या आता दोन ताटल्या आहेत, म्हणजे भांडण मिटलं. मग ठकीने हात आत घातले आणि तिचं बाहेर काढलं. अखंड.

ती सरळ काट्याकडे गेली. काटा थरथरला, पुढे गेला, मागे आला, आणि लाल ठिपक्याच्या अगदी जरासा अलीकडे थांबला. ठकीने वाकून पाहिलं. मी पण पाहत होते. इतके आठवडे तो ठिपका मी पाहत होते. जावई पिशवी खाली का ठेवत नव्हता, ती पट्ट्याच्या बाहेर का राहायला हवी होती, हे सगळं मला त्या एका क्षणात कळलं. इतका उशीर कसा लागला मला.

ठकीने ते उचललं आणि माझ्याकडे आली.

"आई, हात पुढे कर."

मी हात पुढे केले. तिने ते माझ्या हातात दिलं, खालून स्वतःचा हात न काढता, मला भार पेलेपर्यंत.

"एवढी होती," ती म्हणाली.

गरम होतं. भट्टीची ऊब अजून आत होती आणि छिद्रातून माझ्या मनगटाला लागत होती. माझा डावा हात आपोआप वाकला आणि फुगीर बाजू कोपराशी आली. किती वर्षांनी हात असा वाकला. वाटलं होतं त्याहून जड होती. मला रडू आलं आणि मी माती गेली वगैरे काही म्हटलं नाही. बंबवाल्यांनी माझं स्टूल दारातून उचलून आत आणलं. मी बसले.

बऱ्याच वेळाने हात भरून आले. मी ठकीला विचारलं, कुठे ठेवू हिला?

"ठेवू नकोस अजून," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

मग नाही ठेवली.